येतानाचा गंधार

सम्यकनं मायचा आवाज कमी केला. तोंडानं नाही, बोटानं. विहारात नवीन साउंड सिस्टीम आली होती. तिच्या मिक्सरवरच्या रांगेतली एक सरकपट्टी त्यानं हळूच खाली ओढली आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून माझी माय निघून गेली. म्हणजे ती समोर उभीच होती, बुद्धमूर्तीकडं तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून, वंदनेची ओळ सांगत. पण ती ओळ आता तिच्या गळ्यापासून हातभर अंतरावर संपत होती आणि बाकी सगळ्या विहारात मुंबईच्या कुठल्यातरी स्टुडिओतल्या बाईचा गोड आवाज पसरला होता, मागं बासरी, त्याच्या मागं कीबोर्डचं मऊ मऊ काहीतरी. मागं बसलेल्या बाया क्षणभर गोंधळल्या, मग स्पीकरच्या मागं म्हणायला लागल्या. कुणाला काही दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी कीबोर्ड शिकवणारी बाई आहे, माणूस समोर आलं की माझी नजर आधी त्याच्या बोटांवर जाते. आणि तो असं का करतोय हेही मला त्याच वेळी कळलं, त्याचाच जास्त राग आला. बासरीनं सुरुवातीलाच सा दिला होता, तो मायनं धरला होता, रे पण जुळत होता. पण ग आला की मायचा ग आणि त्या बाईचा ग एकमेकांना घासत होते. एकदा, दोनदा, प्रत्येक ओळीला. सम्यकच्या कानाला ते बोचलं. बोचणारच. त्याचा कान मीच तयार केलेला आहे.

छावणीच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी, आणि कॉलनीतल्या ज्या ज्या पोरांना पाच बोटं वेगवेगळी हलवता येतात ती सगळी कधी ना कधी माझ्या पुढच्या खोलीत येऊन गेलेली आहेत. सम्यकही आला होता, शाळेत असताना. आता वाळूजला कंपनीत इंजिनिअर आहे, विहार समितीचा सचिव आहे, साउंड सिस्टीमसाठी पदरचे पैसे घातलेत, दिसलं की लांबून जय भीम घालतो. पोरगा सोन्यासारखा आहे. पण त्याला गंधार कुठं असतो ते मी शिकवलं, आणि मी ते कीबोर्डवर बोट ठेवून शिकवलं: हा सा, एक सोडून रे, एक सोडून ग. इथं असतो. दुसरीकडं नसतो. वीस वर्षं मी हेच शिकवत आले आणि छान शिकवलं. मला सुरातलं कळतं. हे मी मान खाली घालून वगैरे सांगणाऱ्यातली नाही, ज्याला कळतं त्यानं कळतं म्हणावं. आणि म्हणूनच त्या संध्याकाळी डोक्यात तिडीक गेली ती नुसती माय म्हणून नव्हे. दोन गंधार घासत होते आणि त्यातला चुकीचा कोणता हे ठरवायला सम्यकला एक सेकंदसुद्धा लागला नाही, त्याची तिडीक.

घरी येताना माय माझ्या पुढं चालत होती. सत्तरी ओलांडलेली, मनकर्णाबाई म्हणजे अख्ख्या कॉलनीची माय, विहार पत्र्याचा होता तेव्हापासून रोज संध्याकाळी वंदना तीच सांगणार. ओळ तिनं सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, याच्यात कधी कुणाला काही ठरवावंच लागलं नव्हतं. चालताना तिचा हात सारखा गळ्याशी जात होता. तिथं गाठ आहे, थायरॉइडची, लिंबाएवढी झालीय, आणि आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात भरती करायचं ठरलेलं होतं. डॉक्टर चांगला माणूस, त्यानं लपवलं नाही. म्हणाला, आवाजाची नस त्या गाठीला खेटून जाते. काही होणार नाही असंही होईल, आवाज बसेल असंही होईल, बसलेला उठेल का ते सांगता येत नाही. मायनं हे सगळं ऐकून त्याला विचारलं होतं की पौर्णिमेच्या आधी तर नाय ना कापणार. पौर्णिमेला वर्षावास संपतो, तीन महिन्यांच्या वाचनाची सांगता, पांढऱ्या लुगड्यांनी विहार भरून जातो. म्हणजे या गळ्यानं सांगितलेली ती शेवटची वंदना ठरू शकत होती. आणि ती सरकपट्टीखाली दाबली जाणार होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर माय म्हणाली, ‘मशीन लई मोठ्ठं हाय गं,’ बास, एवढंच. मला रडायला आलं नाही, मला रडायला सहसा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सम्यकला गाठून मी झाडलं. त्यानं ऐकून घेतलं. तो म्हणाला, आजीचा मान राखायलाच केलं, पौर्णिमेला बाहेरगावची माणसं येतात, फोनवर लाइव्ह जातं, कुणी हसलं तर मलाच वाईट वाटंल. मग म्हणाला, ताई, आजीनंतर सांगणार कोण, तुम्हीच सांगा. सत्यभामाकाकूंना ओळी येतात पण त्या सुरुवात करायला भितात, पोरींना पाठ नाही, ट्रॅक असला म्हणजे निदान वंदना बंद तर पडणार नाही. मी आवाज चढवला. म्हणलं, पौर्णिमेला ट्रॅक लावायचा नाही. मी कीबोर्ड घेऊन बसते. मायचा एकही सूर घासणार नाही, घासला तर खुशाल तुझा ट्रॅक लाव आणि पुढं रोज लाव, मी शब्द काढणार नाही. तो मान हलवत म्हणाला की ठीक आहे, पण लॅपटॉपवर तयार ठेवतो. इंजिनिअर आहे, शेवटी तयार ठेवणारच.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, मायलाच रेकॉर्ड करून ठेवायचं. केलं की. सुदर्शननं, माझ्या नवऱ्यानं, मोबाइल तिच्या पुढं धरला तर माय पदर सावरून सरळ बसली आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी वंदना म्हणून मोकळी झाली. गंधार नाही, काही नाही, सगळं सपाट. लपून केलं तर तिला कळलं. ती चिडली नाही, पण पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘वंदना म्हणायची असती मेघा, लावायची नसती.’ मग ते बंदच केलं. तिचं म्हणणं मला तेव्हा जुन्या माणसाचा हट्ट वाटला. माझं डोकं दुसरीकडंच चाललं होतं: आवाज नाही तर नाही, सूर तर धरून ठेवता येतो. आवाज गळ्यात असतो, सूर पट्टीत बसवता येतो. पट्टीत बसवला की तो पुरावा होतो, मग कुणाच्या बापाची टाप आहे त्याला बेसूर म्हणायची.

माझ्या कीबोर्डात एक पान आहे, जे मी घेतल्यापासून उघडलं नव्हतं. स्केल ट्यूनिंग, म्हणजे प्रत्येक पट्टीचा सूर हवा तसा लावायची सोय. ते कुणासाठी असतं हेच मला माहीत नव्हतं. परदेशात लागत असेल काहीतरी, आपल्याला काय करायचंय. त्या दिवशी क्लासची पोरं गेल्यावर मी ते उघडलं आणि खरं सांगते, जेवायचं विसरले. सुरांच्या नेहमीच्या लावणीत काय असतं, सा पासून वरच्या सा पर्यंत बारा घरं आणि दोन घरांमधलं अंतर सगळीकडं तेवढंच, सरकारी जिन्याच्या पायऱ्यांसारखं. सोयीचं असतं, कुठूनही चढा. पण त्या पानावर इतर नावं होती. प्युअर मेजर म्हणून एक लावलं आणि सा, ग, प एकदम दाबले. आधी काही कळलं नाही. मग कळलं की काहीतरी थांबलंय. पंखा बंद झाल्यावरच लक्षात येतं ना की इतका वेळ तो घरघरत होता, तसं. ग किंचित खाली आला होता आणि तीन सुरांमधली थरथर संपली होती. वीस वर्षं ती थरथर माझ्या खोलीत चालू होती आणि मी तिला सूर म्हणत होते. मग पायथागोरियन लावलं, त्याचा ग उलटा वर गेला, तिखट, नाकात जाणारा. मीनटोन गोड होतं पण बाजूच्या पट्टीवर गेलं की कुत्र्यानं रडावं तसं रडत होतं. वर्कमाइस्टर म्हणून एक, नाव घेताना दाताखाली खडा येतो, त्याच्यात मला काही विशेष सापडलं नाही. शेवटी अरेबिक लावलं आणि ग एकदम अर्धं घर खाली उतरला, आणि मला कुठून कोण जाणे खुलताबाद आठवलं, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बघितलेला उरूस, गॅसबत्त्या, अत्तर, आणि लांबून येणारं कुणाचं तरी गाणं. माझे वडील, पुंडलिक, ते तेव्हा म्हणाले होते की ऐक, हा माणूस मधल्यामधीच उभा राहतो. मधल्यामधी म्हणजे कुठं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता पट्टीखाली होतं. पण मायचा गंधार तोही नव्हता. प्युअरच्या खाली, अरेबिकच्या वर, कुठंतरी दोघांच्या मधे. तयार लावणी कुठलीच चालणार नव्हती, एकेक पट्टी हातानं लावावी लागणार होती.

गंमत बघा, हाच गंधार एकदा माझ्याकडं पण होता. शाळेत असताना गुलमंडीजवळच्या एका क्लासला मला घातलं होतं, गाणं शिकायला. सर भले होते, मारकुटे नव्हते, फी सुद्धा कमी घ्यायचे. पण मी ग लावला की पेटीवरचं बोट तसंच धरून ठेवायचे आणि माझ्याकडं बघत राहायचे, मी वर येईपर्यंत. तुझा गंधार उतरतो, म्हणायचे. मला ते इतकं लागायचं की घरी येऊन मी न्हाणीचं दार लावून ग चढवत बसायचे. चढला. पण गाताना प्रत्येक वेळी तिथं आलं की अंग आखडायचं, खड्डा माहीत असलेल्या रस्त्यानं सायकल चालवताना होतं तसं. एका वर्षानं मी गाणं सोडलं आणि पेटी धरली, पेटीवरून कीबोर्ड. पट्टी दाबली की दाबली, ती उतरत नाही. त्यानंतर मी कधी कुणासमोर गायले नाही, लग्नात नाही, जयंतीला नाही, विहारात सणावाराला गेलेच तर मागच्या ओळीत ओठ हलवून वेळ मारून नेते. लोकांना वाटतं बाईला माज आहे. आहे थोडा.

तर लावायला बसले. अडचण अशी की माय समोर बसून सूर द्यायला तयार नव्हती. वंदनेची कसली तालीम, म्हणाली, आणि तिला एकच एक सूर धर म्हणलं तर ती हसायला लागायची. मग मी तिचं गुणगुणणं पकडायला लागले. सकाळी स्वयंपाकघरात, भाजी चिरताना, ती स्वतःशी हलक्यात वंदना म्हणते. मी दाराशी उभी राहायची, ग आला की तो गळ्यात उचलायचा, बारीक आवाजात तसाच धरून मधली खोली ओलांडायची, आणि कीबोर्डशी येऊन पट्टीचा आकडा खाली-वर करत तो माझ्या गळ्यातल्या सुराला मिळवायचा. मधल्या खोलीत सुदर्शन पेपर वाचत असायचा. मी तोंड मिटून हूं करत समोरून गेले की तो पाय वर घ्यायचा, जणू मी भरलेली कळशी घेऊन चाललेय. सांडू नको, म्हणायचा. एकदा नाही, शंभरदा गेले असेन. पहिल्या दिवशी वाटेत सुटायचा. टीव्ही लागलेला असला, गल्लीतून भंगारवाला ओरडला, की गेला. हळूहळू सुटेनासा झाला. आणि त्यातच मला सापडलं की तिचे गंधार दोन आहेत. वर जाताना ती एका ठिकाणी पाय ठेवते आणि खाली येताना दुसऱ्या, आणखी खालच्या, ठिकाणी. दर वेळी. न चुकता. जी बाई चुकते ती तीच चूक दर वेळी त्याच जागी कशी करेल. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन तिचा मुका घेतला, आणि तिनं मला कांद्याच्या हातानं ढकललं.

दोन गंधार, आणि पट्टी एक. पण वंदना चार-पाच सुरांत संपते, कोमल गंधाराची काळी पट्टी तिला लागतच नाही, रिकामी बसून असते. मी तिला उचललं आणि वर ओढून येतानाचा गंधार तिच्यात बसवला. जायचा ग पांढऱ्यावर, यायचा ग काळ्यावर. असलं काम जगात कुणी केलं असेल का मला माहीत नाही, केलं असेल तर त्यांनाही माझा जय भीम. वाजवून बघितलं तर खोलीत माय होती. बिनआवाजाची, पण माय. मी तिला हात धरून आणली, खुर्चीवर बसवलं, वाजवून दाखवलं. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, ‘हे तर बाबाचं हाय.’ बाबा म्हणजे तिचे वडील, पाचोडचे. धर्मांतर झालं त्या साली गावात वंदना कुणालाच येत नव्हती. बाबा शहरात आले, कुण्या शिकलेल्या पोराकडून चार दिवस वंदना घोकली, आणि पाचोडपर्यंत चालत गेले, वाटभर म्हणत, कारण थांबलं की विसरंल अशी भीती. शब्द पोहोचले सगळे. चाल मात्र अर्धी वाटेत राहिली. जिथं जिथं आठवेना तिथं बाबांनी आपल्या गळ्याला जे सोपं पडलं ते लावलं, आणि रात्री गावाला बसवून तेच शिकवलं. पुढं बऱ्याच वर्षांनी खरी चाल कानावर आली, म्हणे, तेव्हा बाबा हसले आणि म्हणाले, आता राहू द्या, गावाचं पाठ झालंय. माय हे सांगताना खुदुखुदु हसत होती. मी हसले नाही. म्हणजे सम्यकचं बरोबरच होतं की, चूक आहे ती. सरळसरळ चूक, एका थकलेल्या माणसाची. मग मी मनाशी म्हणलं, असू दे चूक. जी चूक एक अख्खं गाव हात जोडून सत्तर वर्षं म्हणत आलं, तिला आता कुणी दुरुस्त करायला येऊ नये. आकडे कीबोर्डात साठवले, त्या लावणीला नाव द्यायचं होतं, तिथं पाचोड असं टाकलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून, कीबोर्ड स्टँडवर लावून, मायच्या डाव्या बाजूला बसले तेव्हा माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. विहार भरला होता, बाहेर मांडवातसुद्धा माणसं होती, मेणबत्त्या, अगरबत्ती, ऑक्टोबरचा उकाडा. सम्यक मिक्सरशी, शेजारी लॅपटॉप उघडा. त्यानं माझ्याकडं बघून अंगठा वर केला, मी भुवई उडवली. पाचोड लावलं. मायला कळावं म्हणून हलकेच सा दाबून धरला. मायनं तो ऐकला असेल, पण तालीमच न केल्यानं तो आपल्यासाठी आहे असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं. मशीनची काहीतरी चाचणी चाललीय म्हणून ती थांबली, मी बोट उचललं, मग तिनं डोळे मिटले, दोन श्वास घेतले, आणि सुरुवात केली. वरून. माझ्या सा च्या वर, एका पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी. घरात ती चुलीपुढं स्वतःशी म्हणते, इथं ती गच्च भरलेल्या विहाराला सांगत होती. गळा वर जाणारच, कुठल्याही माणसाचा जातो, आणि मी, सुरातलं कळणारी, रोज त्या वेळी क्लास घेत बसणारी, हे एकदाही मनात आणलं नव्हतं. सरकारी जिना असता तर निदान जवळच्या पायरीवरून चढता आलं असतं. मी तर एकाच घराच्या मापाच्या पायऱ्या केल्या होत्या, आणि माय दुसऱ्याच दारातून चढायला लागली होती. मी वाजवलं, हात थांबवता आले नाहीत म्हणून वाजवलं, आणि काय घासलं, बापरे. सगळेच सूर घासले. पुढच्या ओळीतली सत्यभामाकाकू वळून माझ्याकडं बघायला लागली. सम्यकचा हात लॅपटॉपकडं गेला आणि तिथंच थांबला. तो माझ्याकडं बघत होता, त्याला माझी दया येत होती, आणि ते मला सहन होईना.

‘बुद्धं सरणं गच्छामि’ ही सरणं तीनदा म्हणतात. पहिली खेप अशी गेली. दुसऱ्या खेपेला मी हात मांडीवर ठेवले. बटणं दाबून सगळं वर सरकवता आलं असतं, पण त्याला वेळ लागतो, आणि माय कुणासाठी थांबत नाही. मी नुसती ऐकत बसले. स्पीकरमधून तिचा आवाज येत होता, पहिल्यांदाच एकटा, मोठा, आणि त्यात तो दाणेदार खरखरीतपणा, गाठीचा. जायचा गंधार. यायचा गंधार. ते तिच्या चढलेल्या सा पासूनही तिथंच होते जिथं असायला हवेत. पट्ट्या चुकल्या होत्या, माय चुकली नव्हती. मागून विहार म्हणत होता आणि विहाराचाही ग उतरत होता, सगळ्यांचा, बाहेरच्या मांडवापर्यंत, आणि हे मी इतकी वर्षं मागच्या ओळीत ओठ हलवत बसून कधी ऐकलंच नव्हतं. मग तिसरी खेप. मायनं श्वास घेतला, सा लावला, रे, आणि गंधारावर आवाज गेला. खोकला नाही, काही नाही, नुसता वारा आला. तिनं हात गळ्याशी नेला. ओळ अर्धी राहिली होती आणि मागं सगळे थांबले होते, कारण सांगितलेलं म्हणायची त्यांना सवय, न सांगितलेलं कसं म्हणायचं. स्पीकरमधून मायचा श्वास ऐकू येत होता. सम्यकचं बोट लॅपटॉपवर टेकलेलं मला दिसलं.

मी ठरवलं वगैरे काही नाही. तोंड उघडलं आणि ग लागला. मधल्या खोलीतून शंभरदा वाहून नेलेला, अंगवळणी पडलेला, न सांडणारा. न्हाणीत चढवलेला नव्हे, आधीचा. तिथं आलं की आखडायचं ते अंग आखडलं नाही. वर गेले, शब्द संपवला, आणि परत येताना तो त्या खालच्या जागी टेकला, जिथं कुठल्याच कीबोर्डला पट्टी नसते. माझ्यापुढं माइक नव्हता, मी काही मोठ्यानंही म्हणाले नव्हते, पण विहारानं ते उचललं आणि माझ्या मागून म्हणलं, पहिल्यांदा सत्यभामाकाकूनं, मग सगळ्यांनी. पुढची ओळ मी सांगितली. त्याच्या पुढचीही. मधे एकदा बाजूला बघितलं तर सम्यकनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं होतं, एका बोटानं, हळूच, आणि आता तो हात जोडून माझ्या मागं म्हणत होता, आणि ग बरोबर उतरवत होता. मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की ओळ चुकता चुकता राहिली.

संपल्यावर सगळे साधु साधु म्हणून बसले. माय माझ्या मनगटाला धरून खाली टेकली. मला वाटलं पाठीवरून हात फिरवील, निदान बघेल तरी. ती मूर्तीकडंच बघत होती. मग उरलेल्या आवाजात, मला वाकून ऐकावं लागलं इतक्या हळू, म्हणाली, ‘उतरताना घाई करतीस.’

‘व्हय,’ मी म्हणलं.

‘सकाळी जायच्या आधी म्हणून दाव.’

मी कीबोर्डची वायर काढून गुंडाळली. सुदर्शन स्टँड उचलायला आला, तेव्हा त्याला म्हणलं, सकाळची दवाखान्याची रिक्षा तासभर उशिरा सांग.